कॅम्पर व्हॅनचा विजेचा हिशेब: कागदावर की मीटरवर?

नागपुरात व्हॅनची कॅम्पर, म्हणजे मुक्काम करण्याजोगी गाडी, करून घेणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, "बॅटरी किती अँपिअरची घेऊ?" खरं तर हा प्रश्न शेवटी यायला हवा. आधी दिवसाला वीज किती लागेल ते ठरवायचं, आणि त्याच्या दोन पद्धती आहेत.

कागदी हिशेब फुकट आणि झटपट. वस्तूचे वॅट गुणिले चालण्याचे तास, म्हणजे वॅट-तास. असे हजार झाले की बिलावरचं एक युनिट. डिसेंबरात ताडोब्याला दोघं निघाले असं धरू. दिवसाला एलईडी दिवे ५० वॅट-तास, दोन मोबाइल ३०, लॅपटॉप १५०, पाण्याचा पंप जेमतेम १५. बारा व्होल्टचा ४५ वॅटचा फ्रिज थंडीत दिवसातला साधारण तिसरा हिस्सा वेळ चालतो, म्हणजे ३५० च्या आसपास. बेरीज सहाशेच्या घरात, पंखा शून्य.

आता हीच व्हॅन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, उभी करा. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि बंद गाडीच्या आत तर त्याहून जास्त तापतं. फ्रिजचा कॉम्प्रेसर दिवसाचा साठ टक्के वेळ चालला तरी ६५० झाले. पंचवीस वॅटचा पंखा सोळा तास म्हणजे ४००. बाकीचं तेच. एकूण तेराशेच्या जवळ, डिसेंबरच्या दुपटीहून जास्त. छोटा कूलर लावायचा झाला तर १२० वॅटने दहा तासांचे आणखी १२०० धरा.

कागदाची खोट इथेच आहे. फ्रिज किती वेळ चालेल हा आकडा आपण अंदाजाने टाकतो आणि सगळी बेरीज त्याच्यावरच टेकलेली असते. चार्जरवर ६५ वॅट छापलेलं असतं ती त्याची कमाल क्षमता. लॅपटॉप बहुतेक वेळ त्याहून बराच कमी ओढतो. उलट इन्व्हर्टर यादीत कुणीच लिहीत नाही. नुसता चालू ठेवला आणि पंधरा वॅट खात राहिला, तर चोवीस तासांत ३६० वॅट-तास गेले, लॅपटॉपच्या दुपटीहून जास्त!

मीटरला अंदाज लागत नाही. घरच्या प्लगवरच्या वस्तूंसाठी प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर पुरतो. बारा व्होल्टच्या वस्तूंसाठी बॅटरीच्या निगेटिव्हवर शंट (विजेचा प्रवाह मोजणारी धातूची पट्टी) असलेला मॉनिटर बसवावा. मात्र सगळे निगेटिव्ह, बॉडीच्या अर्थिंगची वायरसुद्धा, शंटमधूनच गेले पाहिजेत, नाहीतर आकडा कमी दिसतो. अडचण एवढीच की मोजायला वस्तू हातात हवी, आणि मोजणी उन्हात उभ्या गाडीत व्हायला हवी. घरच्या स्वयंपाकघरात फ्रिज लावून आलेल्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

भाड्याची व्हॅन घेऊन हिवाळ्यात दोन रात्री पेंच किंवा खिंडसीला जायचं असेल तर कागद पुरे. स्वतःची गाडी बांधत असाल आणि उन्हाळ्यातही फिरायचं असेल तर माझं मत मीटरच्या बाजूने. फ्रिज आणि पंखा आधी घ्या, एखादी उसनी बॅटरी लावून कडक उन्हात दोन दिवस मोजा, मग दुकानात जा. शंभर अँपिअर-तासांची (दुकानात नुसतं 'अँपिअर' म्हणतात) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे १२८० वॅट-तासांची; ऐंशी टक्के वापरली तर हजार हाती येतात. दीडशेची ट्यूब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती शिसे-आम्लाची बॅटरी, कागदावर १८००, पण निम्म्याखाली उतरवू नये म्हणून नऊशेच, आणि वजन पाचपट.

छतावरचं २०० वॅटचं पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला सातशेच्या आसपास देतं. पावसाळ्यात निम्म्यावर येऊ शकतं. मे महिन्यात ऊन भरपूर, पण तापलेलं पॅनल कमी देतं. गाडी कडुनिंबाखाली लावली तर फ्रिज सुखात, पॅनल उपाशी. म्हणून पॅनल सुटं, लांब वायरचं घ्यावं; गाडी सावलीत, पॅनल उन्हात. एसीचं मात्र या हिशेबात नाव काढू नका. एक टनाचा एसी तासाला युनिटभर खातो, त्यासाठी मुक्कामाच्या जागी प्लग मिळतो का ते विचारून निघा.