६२५ मोठा की ६५०? करारातला ‘कार्पेट’ कोणता ते आधी पाहा

दोन फ्लॅट समोर आहेत. एक नव्या प्रकल्पातला, रेरा या घरखरेदीच्या कायद्यानुसार कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र, ६२५ चौरस फूट. दुसरा जुन्या सोसायटीतला रिसेल, मूळ करारात कार्पेट ६५०. किंमत दोन्हीकडे ७५ लाख. नव्याचा दर फुटाला १२,००० पडतो, जुन्याचा साधारण ११,५४०. जुना मोठाही आणि स्वस्तही, असं कुणालाही वाटेल. पण हे दोन्ही फ्लॅट मापाने अगदी एकसारखे असू शकतात.

समजा, दोन्हींत खोल्यांमधली मोकळी फरशी ६०० फूट आहे, आतल्या भिंतींनी २५ फूट खाल्लेत आणि बाल्कनी ५० फुटांची आहे. २०१६च्या रेरा कायद्याची व्याख्या आतल्या भिंती धरते, पण बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइप-वायरींची पोकळी), स्वतंत्र बाल्कनी आणि खुली गच्ची सोडून देते. म्हणून ६०० आणि २५, झाले ६२५. महाराष्ट्राचा १९६३चा मोफा कायदा कार्पेटमध्ये बाल्कनी धरा म्हणतो, आणि जुन्या व्यवहारांत आतल्या भिंती सहसा सोडल्या जात. म्हणून ६०० आणि ५०, झाले ६५०. घर तेच, व्याख्या वेगळी.

म्हणून दोन करारांतले आकडे थेट शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. जुन्या करारात तर ‘कार्पेट’ऐवजी ‘बिल्टअप’ लिहिलेलं असण्याचीही बरीच शक्यता. त्यात बाल्कनी आणि आतल्या-बाहेरच्या सगळ्या भिंती येतात. वरच्याच घरात त्यांचे ४० फूट धरले तर बिल्टअप होतं ७१५. जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा चढवला की ‘सेलेबल’ तयार. त्यासाठी २०० फूट लावले तर ९१५, आणि दर एकदम ८,२०० च्या आत! एजंट फोनवर सांगतात तो दर बहुतेक वेळा हाच. रेरा आल्यापासून विक्रीचा आधार कार्पेटच असला पाहिजे, तरी ‘लोडिंग’ची, म्हणजे कार्पेटवर असा वाटा चढवण्याची, भाषा गेलेली नाही. बंगळुरूत घर घेणाऱ्या मराठी माणसाला तर सुपर बिल्टअपचा (म्हणजे सेलेबलचाच) आकडा आधी ऐकू येतो. माझं मत विचाराल तर समोरच्याने सांगितलेला फुटाचा दर हा आकडा डोक्यातून काढूनच टाका. एकूण किंमत घ्या आणि ती टेपने मोजलेल्या मोकळ्या फरशीने भागा. बाल्कनी वेगळी लिहा. दोन्ही घरांना एकच पट्टी लावली की मगच तुलना सुरू होते.

बाल्कनीचं एक सांगायला हवं. जुन्या घरांत ती बऱ्याचदा हॉलमध्ये घेतलेली असते आणि हॉल ऐसपैस दिसतो. मंजूर नकाशा मागवून ते काम परवानगीने झालंय का, हे बघा. नव्या घरात बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी (स्वयंपाकघरालगतची धुण्याभांड्यांची जागा) करारात कार्पेटच्या शेजारी वेगळ्या दाखवतात. कागदावर दर कार्पेटचाच असला, तरी बाल्कनी कुणी फुकट देत नाही.

आता मापात फरक निघाला तर काय? इथे नव्या घराचं पारडं स्पष्ट जड आहे. महाराष्ट्रात रेराच्या नमुना करारात कलमच आहे: ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळाल्यावर बिल्डरने अंतिम कार्पेट कळवायचं आणि फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवायचा. क्षेत्र कमी भरलं तर जादा घेतलेले पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत, आणि हिशोब करारातल्याच दराने. ६२५ फुटांवर ३ टक्के म्हणजे पावणेएकोणीस फूट, १२,००० च्या दराने सव्वादोन लाख. मात्र कलम दोन्ही बाजूंनी चालतं. क्षेत्र वाढलं तर जादा पैसे तुम्ही द्यायचे, तेव्हा कर्जात तेवढी सोय ठेवा. रिसेलमध्ये असं संरक्षण सहसा नसतं. आकडा मागच्या करारातून जसाच्या तसा उतरवलेला असतो आणि घर ‘आहे तसं’ विकलं जातं. पण तिथे एक मोठी सोय आहे, घर उभं आहे. टोकन देण्याआधी मोजता येतं. ताबा मिळायला अजून तीन वर्षं असलेल्या इमारतीत टेप कुठे लावणार?

खरी गंमत पुनर्विकासात होते. ‘सध्याच्या कार्पेटवर ३० टक्के जादा’ अशी ऑफर येते आणि सभेत टाळ्या पडतात. सध्याचं माप भिंतीपासून भिंतीपर्यंतचं ५०० असेल, तर नवं घर ६५० चं. पण ते ६५० रेरा कार्पेट असेल आणि त्यात आतल्या भिंती २५ फूट असतील, तर पाय ठेवायला ६२५च उरतात. म्हणजे वाढ २५ टक्के. दोन बिल्डरांपैकी एक ३० आणि दुसरा २७ टक्के म्हणत असेल, तर २७वाला आतल्या भिंती सोडून मोजत असल्यास तोही सरस ठरू शकतो. विकास करारात जुनं आणि नवं, दोन्ही कार्पेट एकाच व्याख्येने लिहून घ्या आणि बाल्कनी त्या टक्क्यांत आहे की बाहेर, तेही. समितीतलं कुणी ‘एवढं कशाला’ म्हणालं तरी सोडू नका.

शेवटी प्रकल्पाचा आकार. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सगळे टप्पे धरून फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर रेरा नोंदणी सक्तीची नाही. पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या जागी उठणाऱ्या छोट्या इमारती बऱ्याचदा यात बसतात. अशा घराच्या करारात नुसतं ‘कार्पेट’ चालवून घेऊ नका. व्याख्या पूर्ण वाक्यात लिहायला लावा, क्षेत्र चौरस मीटरमध्ये मागा (१ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट) आणि खोल्यांच्या मापांचा नकाशा कराराला जोडून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. बिल्डर याला तयार नसेल, तर मी रिसेलच घेईन.