रॅट ट्रॅप भिंती आणि फिलर स्लॅब: साताऱ्यात तिन्ही ऋतू काढल्यानंतर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर नव्या घरात राहायला आलो. आता परत वळीव सुरू झालेत, म्हणजे पाऊस, थंडी, ऊन सगळं बघून झालं. बांधायच्या आधी मी असे अनुभव शोधत होतो, तेव्हा एक तर नुसते देखणे फोटो मिळायचे, नाहीतर "हे असलं केरळात चालतं" म्हणून उडवून लावणारे भेटायचे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मत आधीच सांगून टाकतो: भिंतींवर मी खूश आहे, स्लॅबवर निम्माच. आणि स्वस्त पडेल या आशेने कुणी या वाटेला जाऊ नये.

घर शाहूपुरीच्या बाजूला, तळमजला आणि वर एक मजला. रॅट ट्रॅप भिंतीत वीट पसरून न ठेवता काठावर उभी करतात. एक बाहेरच्या तोंडाला, एक आतल्या, मध्ये तीन इंच पोकळी. ठरावीक अंतरावर एक वीट आरपार घालून दोन्ही बाजू बांधून घ्यायच्या. जाडी नेहमीचीच नऊ इंच, पण विटा साधारण २५ टक्के कमी लागतात आणि माल, म्हणजे सिमेंट-वाळूचं मिश्रण, तोही बराच वाचतो. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुळवली. वीट म्हणजे शेवटी नदीकाठची चांगली माती आणि भट्टीतला कोळसा, त्यामुळे चौथा हिस्सा वाचणं मला कमी वाटत नाही.

आमच्या गवंड्याला मात्र ते वाटत होतं. "दोन विटा वाचवून कुणाचं भलं झालंय, सायेब?" हा त्याचा रोजचा प्रश्न. यातली खरी मेख म्हणजे थर लावताना पोकळीवर लाकडी पट्टी धरून माल पसरावा लागतो. नाहीतर माल आत पडतो, पोकळी बुजते आणि सगळा उपद्व्याप फुकट. सुरुवातीला ती पट्टी वाळूच्या ढिगावरच पडलेली असायची. घरातलं कुणीतरी समोर उभं असलं की हातात यायची. शिवाय आपल्याकडच्या भट्टीच्या विटा एका मापाच्या नसतात. आम्ही बाहेरून गिलावा केलेला नाही, त्यामुळे वाकडी वीट लगेच डोळ्यात येते. विटा निवडण्यात माणसं गुंतली, मजुरी वाढली, आणि विटांत वाचलेले पैसे तिथेच गेले.

आप्पांची हरकत वेगळी होती. १९६७ च्या डिसेंबरातला कोयनेचा भूकंप त्यांनी लहानपणी अनुभवलाय. "पोकळ भिंतीत मी झोपणार नाही," इथपर्यंत गाडी आली. आर्किटेक्ट मॅडमनी त्यांना साइटवर नेऊन दाखवलं: जोत्यावर, लिंटेलला (दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीला) आणि छताखाली काँक्रीटचे सलग पट्टे, कोपऱ्यांत आणि दारं-खिडक्यांच्या कडांना पोकळीतूनच सोडलेल्या उभ्या सळया. पोकळी असल्यामुळे सळई घालायला आयती जागा मिळते. आप्पा काही बोलले नाहीत, पण आता तळमजल्यावरची खोली त्यांचीच आहे.

आणि तीच खोली घरात सगळ्यात गार. एप्रिलमध्ये बाहेर ३९ असताना तिथल्या तापमापकावर दुपारी ३३ च्या आसपास असायचं. वरच्या मजल्याची गोष्ट निराळी. साताऱ्यात मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा दक्षिणेच्या भिंतीवर जेमतेम ऊन असतं, सगळा मारा छतावर. भिंत कितीही चांगली बांधा, वरून तापलेला स्लॅब रात्री नऊ-दहापर्यंत उष्णता सोडत राहतो.

आमचा फिलर स्लॅब आहे. स्लॅब खालच्या अंगाने ताणला जातो आणि तो ताण सळई घेते. तिथलं काँक्रीट बरंचसं नुसतं वजन. म्हणून सळयांच्या चौकटीत एकावर एक अशी दोन मंगलोरी कौलं ठेवायची, मग वरून काँक्रीट. आम्ही पाडलेल्या घराची जुनी कौलं आणली आणि रात्रभर भिजवून वापरली, कारण कोरडं कौल काँक्रीटमधलं पाणी पिऊन टाकतं. सिमेंट वाचलं हे खरं, आणि ते वाचवण्यासारखं आहेच. चुनखडी भाजताना त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, इंधन कितीही स्वच्छ असलं तरी. पण "फिलर स्लॅबने घर गार राहतं" हे जे सांगतात, ते वरच्या मजल्यापुरतं अर्धवट आहे. मार्चमध्ये गच्चीला पांढरा चुना दिला तेव्हा कुठे फरक कळला. तो पावसात धुऊन जाणार, म्हणून पुढच्या वर्षी गच्चीवर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करणार आहे. पैसे कमी असतील तर फिलर स्लॅब सोडा, चायना मोझॅक सोडू नका.

आता तक्रार. यवतेश्वराच्या बाजूने येणारा जुलैचा पाऊस पश्चिमेच्या भिंतीला आडवा झोडपतो. ऑगस्टमध्ये आतल्या गिलाव्यावर ओल दिसली, पण सलग नाही. ठरावीक अंतरावर विटेच्या टोकाएवढे काळपट चौकोन, जणू कुणी सोंगट्या मांडल्यात. पोकळीतून पाणी आत येत नाही, पण आरपार गेलेली वीट ते शोषून आत पोचवते. बाकी तिन्ही भिंती कोरड्या. ठेकेदाराने "नवीन घराला होतंच" म्हणून हात झटकले. मग थंडीत भिंत नीट सुकू दिली, सुटलेले सांधे परत भरून घेतले आणि बाहेरून रंगहीन वॉटर रिपेलंटचा (पाणी मुरू न देणाऱ्या द्रावणाचा) हात दिला.

बारीकसारीक कटकटी आहेत. ड्रिल मारलं की निम्म्या वेळा पोकळीत जातं आणि फास्टनर आत गडप. गीझर, किचनची कपाटं, टीव्ही यांच्या जागा आधी ठरवून तिथे भिंत भरीव करून घ्या. स्विचबोर्डाच्या फटीतून मुंग्या येतात, त्या फटी सिलिकॉनने बुजवल्या. नवा पॉइंट काढायचा म्हटलं की इलेक्ट्रिशियन तोंड वाकडं करतो. ते जाऊ दे, बाहेरून रंग द्यायचा खर्च कायमचा टळला.

परत बांधायचं झालं तर उत्तर, पूर्व, दक्षिण अशाच भिंती घेईन. पश्चिमेला याच भिंतीवर बाहेरून चुन्याचा गिलावा आणि वर दोन फुटांचा छज्जा. त्या रिपेलंटचा उपयोग झाला की नाही हे गणपतीपर्यंत कळेल. डाग परत आले तर इथेच फोटो टाकतो.