पावसाळी दुपारचे स्कोन: ओटीजी की कढई?

स्कोन म्हणजे चहासोबत खायचा, पावासारखा फुगणारा छोटा इंग्रजी प्रकार; ओटीजी म्हणजे घरातला छोटा विजेचा ओव्हन. पीठ दोन्हींसाठी एकच: २५० ग्रॅम मैदा, ३ चहाचे चमचे बेकिंग पावडर, ३० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, ६० ग्रॅम थंडगार बटर, साधारण १२० मिली गार दूध. घरचं लोणी वापरायचं तर त्यातलं ताक नीट काढून टाका. कोरड्या साहित्यात बटर बोटांच्या टोकांनी चोळा, रवाळ झालं की थांबा. मग दूध घालून गोळा करा. दमट हवेत मैदा ओल धरतो, म्हणून दोन चमचे दूध हातचं राखा. कणकेसारखं मळलंत तर स्कोन चिवट होणारच. अडीच सेंटिमीटर जाड थापा. वाटीने सरळ दाबून कापा; फिरवलीत तर कडा मिटतात आणि स्कोन तिरका फुगतो.

आधी तापवलेल्या ओटीजीत २०० अंशांवर १५ मिनिटं. वरूनही आच लागते, म्हणून माथा छान बदामी. रूपात हाच सरस.

पण मराठवाड्यात झड लागली की लाईटचा काय भरवसा! मग जाड बुडाची कढई, आत स्टँड, घट्ट झाकण. १० मिनिटं तापवून मंद आचेवर २५ मिनिटं. झाकणावरचं पाणी मधेच पुसा, नाहीतर स्कोनवर ठिबकतं. माथा पांढराच राहतो. शेवटी तूप लावलेल्या तव्यावर मिनिटभर उलटा टाका.