जनुकीय डेटा: सगळ्यांना खुला की अर्ज करणाऱ्यालाच?

शिवाजी विद्यापीठात पीएचडी करणारी भाची विचारत होती, "मामा, कागल-गारगोटीकडच्या कुटुंबांचा डीएनए डेटा नेटवर खुला टाकू, की मागेल त्याला अर्ज घेऊन देऊ?"

खर्च आणि खटाटोप बघितला तर खुला सोपा. एकदा टाकला की आपण मोकळे. अर्जाच्या पद्धतीत समिती आली, करार आला, वाट बघणं आलं. लहान कॉलेजातला संशोधक तिथंच कंटाळतो.

गोपनीयतेत मात्र पारडं फिरतं. नाव खोडलं म्हणजे झालं, असं नाही. २०१३ साली संशोधकांनी वाय गुणसूत्र (आडनावासारखं बापाकडून मुलाकडं जाणारं), त्यावरून आडनाव सुचवणाऱ्या वंशावळीच्या वेबसाइट आणि वय-राज्य एवढ्यावरून जवळपास ५० निनावी लोकांची ओळख पटवली. आपल्याकडं पाटलांची संख्या बघता नुसत्या आडनावावरून काही कळायचं नाही. पण गाव, वय आणि दुर्मीळ आजार एकत्र आले की चावडीवर कुणीही नाव सांगेल. शिवाय सही एकाची, आणि उघडी पडते अख्खी भावकी. हा मुद्दा संमतीपत्रात बहुतेकदा दोन ओळींत उरकतात.

मागे घेणं? खुला डेटा गेला तो गेला. अर्जाच्या पद्धतीत पुढचं वाटप तरी थांबवता येतं. 'जीनोमइंडिया' या भारतीयांच्या जनुकांवरच्या सरकारी प्रकल्पाचा १०,००० जणांचा डेटाही अर्जावरच मिळतो.

जिवाणूंचा, पिकांचा, किंवा दात्याने धोका समजून स्वतः मोकळा केलेला डेटा खुशाल खुला ठेवावा. भाचीच्या कामासाठी अर्जच. खुलं ठेवायचं तर विश्लेषणाची पद्धत आणि कोड.