211 च्या जागी 216: घरी शिकणाऱ्या मुलांच्या दहावीच्या नावाखाली झालेली फसवणूक

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी कुटुंबं आता नाशिकसारख्या शहरातही बऱ्यापैकी दिसतात. तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत त्यांचं मजेत चाललेलं असतं. मग दहावी समोर येते आणि आजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे एकच विचारू लागतात, ‘सर्टिफिकेटचं काय?’ या एका प्रश्नावर पोट भरणारे लोक आहेत. त्यातल्या एकाने आमच्या ओळखीतल्या आठ-नऊ कुटुंबांना आणि मला कसं गंडवलं, ते लिहिते आहे. प्रवेशाचे दिवस आले की तो, नाहीतर त्याच्यासारखा दुसरा, पुन्हा दुकान मांडणार.

मी गणिताची निवृत्त शिक्षिका. घरी शिकणारी चार-पाच मुलं माझ्याकडे यायची. या गृहस्थाने (सगळे त्याला ‘सर’ म्हणायचे) घरी येऊन विचारलं, ‘बाई, आमच्या सेंटरला शिकवाल का? मुलं तुमचीच, फक्त जागा आमची.’ जागा म्हणजे एका झेरॉक्सच्या दुकानावरचे दोन खोल्यांचे गाळे. पंधरा दिवसांत तिथे फ्लेक्स लागला: निकाल 100 टक्के, आणि खाली माझं नाव, ‘बोर्डाच्या माजी मुख्य नियामक’. मी नियामक कधीच नव्हते, पेपर तपासले आहेत एवढंच. सांगितल्यावर तो हसून म्हणाला, छापणाऱ्याची चूक, उद्या बदलतो. फ्लेक्स वर्षभर तसाच होता, आणि बरेचसे पालक ते नाव वाचूनच आले, हे मला फार उशिरा कळलं.

अशा मुलांसमोर साधारण दोन रस्ते असतात. एक आपल्या राज्य मंडळाचा, खासगी विद्यार्थी म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरून. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. पाचवी-सहावीनंतर शाळा सोडलेल्याला अडचण नाही, पण जो शाळेत कधी गेलाच नाही त्याने दाखला आणायचा कुठून? दुसरा रस्ता एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थानाचा. ही 1989 पासूनची केंद्र सरकारची संस्था, मुख्यालय नोएडाला, आपलं विभागीय केंद्र पुण्याला. वय 14 पूर्ण असलं आणि वयाचा पुरावा असला की झालं. दाखला नसला तर ‘या अभ्यासक्रमापुरतं मी शिकलो आहे’ असं स्वयंघोषणापत्र चालतं. किमान पाच विषय, हवे तर आणखी दोन. पास व्हायला 33 टक्के. वर्षातून दोनदा परीक्षा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. मराठी माध्यमही आहे.

हे सगळं त्याने पालकांना अगदी बरोबर सांगितलं. गोम इथेच होती. माहिती सोळा आणे खरी, त्यामुळे माणूसही खरा वाटला. फॉर्म मात्र सगळे त्याने भरले, त्याच्या लॅपटॉपवर, त्याचा मोबाइल नंबर आणि त्याचा ईमेल टाकून. ‘ओटीपी सारखे येत राहतात, तुम्हाला कशाला त्रास?’ संस्थेकडून येणारा प्रत्येक निरोप त्यालाच येत राहिला. पालकांच्या हाती फॉर्मचं पहिलं पान आलं, फोटो आणि सहीचं. विषयांचं पान कुणी पाहिलं नाही, कारण ते त्याने छापूनच दिलं नाही.

पैशांचं सांगते. प्रत्येक मुलामागे 42,000 घेतले. त्यात ‘बोर्ड फी’ 18,000, ‘सेंटर अलॉटमेंट’ 5,000, गृहपाठाचे (टीएमए) 7,500 आणि उरलेले शिकवणीचे. संस्थेचं प्रवेश शुल्क दोन-अडीच हजारांच्या घरातलं, परीक्षेचं विषयामागे काहीशे रुपये. सेंटर अलॉटमेंट नावाची फी अस्तित्वातच नाही. पावत्या कच्च्या, स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या पुस्तकातल्या, ‘मिळाले’ आणि खाली एक वळसा. पक्की पावती मागितली की सर्व्हर डाऊन असायचा.

टीएमए म्हणजे विषयवार लिहून द्यायचा गृहपाठ. अंतिम निकालात त्याला 20 टक्के वजन असतं, म्हणून ते चुकवून चालत नाही. हा म्हणाला, आमच्याकडे लिहिणारे आहेत, मुलांना कशाला गुंतवता. पोरांनी स्वतःच्या डोक्याने शिकावं म्हणून ज्यांनी शाळा सोडली, त्यांच्याच नावाने भाड्याचे गृहपाठ! एका वडिलांनी ऐकलं नाही. त्यांच्या मुलाने पाचही विषयांचं स्वतः लिहून दिलं. ती फाइल पुढे खालच्या झेरॉक्सवाल्याकडे सापडली, दोरा न सोडलेली. शेजारच्या गठ्ठ्यात सगळ्या मुलांचे गृहपाठ एकाच हस्ताक्षरात होते. 7 लिहिताना मधे आडवी रेघ मारायची त्या माणसाला सवय होती, आणि ती रेघ आठही नावांवर होती.

एका मुलाच्या आईला त्याने राज्य मंडळाचा रस्ता सुचवला, वर पंधरा हजारांत दाखलाही आणून दिला, कुठल्याशा आडगावच्या शाळेचा. तो दाखला मी हातात घेऊन वाचला आहे. वर्तणूक: चांगली. प्रगती: समाधानकारक. शाळा सोडण्याचे कारण: वडिलांची बदली. वडिलांचं भांडी बाजारात तिसऱ्या पिढीचं दुकान आहे, बदली कसली होणार! त्या बाईंनी दाखला तिथेच परत केला. बरं झालं. खोटा कागद मुलाच्या नावावर मंडळात जमा झाला असता, तर निस्तरताना सर कुठेच नसते, मुलगा असता.

मार्चअखेरीला हॉल तिकिटं आली. ओझरची मुलगी संध्याकाळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘बाई, माझ्या तिकिटावर गणित दिसत नाहीये.’ एनआयओएसमध्ये प्रत्येक विषयाला क्रमांक असतो: गणित 211, विज्ञान आणि तंत्रज्ञान 212, सामाजिक विज्ञान 213. तिच्या तिकिटावर इंग्रजी 202 आणि मराठी 204 होतं, त्याखाली 216, 225, 229. म्हणजे गृहविज्ञान, चित्रकला आणि डेटा एंट्री. जूनपासून ही मुलगी माझ्यासमोर बसून वर्गसमीकरणं सोडवत होती. बाकीच्यांना फोन केले. सगळ्यांचं तेच.

या विषयांत कमीपणा काही नाही. ज्याला ते शिकायचे आहेत त्याने जरूर शिकावेत. पण इथे ते एवढ्यासाठी निवडले होते की त्यात मुलं पटकन पास होतात आणि फ्लेक्सवरचे 100 टक्के शाबूत राहतात. पुढे सायन्सला जायचं म्हणणाऱ्या मुलांना गणित-विज्ञानाशिवाय दारात कोण उभं करणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे सेंटरवर गेलो. त्याने आवाज चढवला नाही, चहा मागवला. ‘बाई, पोरं पास होणं महत्त्वाचं ना? गणित कुणी विचारत नाही.’ पालक हटेनात तेव्हा त्याने दुसरं सोंग काढलं. दिल्लीचं म्हणून एक वेगळंच ‘बोर्ड’, तीस हजारांत गणित-विज्ञानासह दहावी, परीक्षेला बसायचीही गरज नाही. नमुन्याची गुणपत्रिका दाखवली, होलोग्राम चमकत होता. रोल नंबर टाकून वेबसाइटवर निकालही काढून दाखवला. एक वडील जवळजवळ तयार झाले. निकाल दिसणारच हो, वेबसाइटही त्यांनीच काढलेली! मान्यताप्राप्त मंडळांची यादी ‘कोबसे’ या मंडळांच्या परिषदेकडे असते, त्यात नाव आहे का ते आधी बघायचं. एनआयओएसची आणि आपल्या राज्य मंडळाची गुणपत्रिका डिजिलॉकरमध्येही मिळते.

त्या दिवसानंतर त्याचा फोन लागला नाही. माझ्या शिकवणीचे शेवटच्या चार महिन्यांचे पैसे बुडाले ते बुडाले.

पालकांनी आधी मुलांची खाती ताब्यात घेतली. बारा आकडी नोंदणी क्रमांक हॉल तिकिटावर होताच. जन्मदाखला, आधार आणि अर्ज घेऊन पुण्याच्या विभागीय केंद्रात खेपा झाल्या आणि मोबाइल नंबर बदलून घेतले. यातून निघालेली वाट अशी: पास झालेला विषय जमा राहतो, आणि पाचावर दोन जादा विषय घेता येतात. ओझरच्या मुलीने एप्रिलमध्ये भाषा दिल्या, चित्रकलाही दिली (चित्रं ती तशीही काढतेच), आणि गणित-विज्ञान जादा विषय म्हणून घेऊन ऑक्टोबरात दिले. पाच विषय झाले, पास झाली. दोघांचं गणित अजून राहिलं आहे, ते माझ्याकडेच येतात. एका कुटुंबाने कंटाळून मुलाला नववीत शाळेत घातलं.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘पोरांना शाळेत का नाही घातलं?’ तो वाद तिथे घालत बसू नका. आपली तक्रार पैशांची आणि खोट्या फॉर्मची आहे, तेवढंच धरून ठेवा. जुनी चारसोवीस आता भारतीय न्याय संहितेत 318 झाली आहे. पैसे यूपीआयने दिले असतील तर बँकेचा उतारा कच्च्या पावतीपेक्षा कितीतरी उपयोगी पडतो. आमच्यातल्या ज्यांनी रोख दिले त्यांचं प्रकरण अजून लोंबकळतंय. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही. तिथे तिघांनी अर्ज केला आहे.

ज्यांची मुलं यंदा चौदा पूर्ण करताहेत त्यांनी फॉर्म घरी बसून स्वतः भरावा, तासाभराचं काम आहे. नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या, विषयांचं पान छापून शिकवणाऱ्याला दाखवा. अडलं तर संस्थेचा 1800-180-9393 हा नि:शुल्क क्रमांक आहे. शिकवणी कुणाकडेही लावा, पासवर्ड मात्र देऊ नका.

हा माणूस आता शहराच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या नावाने बसला आहे, असं दोन पालकांनी सांगितलं. झेरॉक्सच्या दुकानावरच्या त्या सेंटरची कच्ची पावती कुणाकडे असेल तर फेकू नका. तिची प्रत घेऊन ग्राहक आयोगात अर्ज करा. तक्रारदार तीनाचे दहा झाले तर तारखा लवकर पडतील, असं आमचे वकील म्हणतात.