वरच्या दोन खोल्या: पावण्यांना द्याव्यात की भाडेकरूला?

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि त्या रिकाम्या झाल्या. आधी आम्ही त्या ॲपवर टाकून रोजच्या पावण्यांना दिल्या. २०१७ च्या दिवाळीपासून लॉकडाऊनपर्यंत, आणि नंतर २०२२ मध्ये पुन्हा वर्षभर. २०२३ च्या जूनपासून त्या अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने आहेत. गल्लीतले दोघेजण सध्या याच विचारात आहेत, म्हणून दोन्हीकडचं जसं दिसलं तसं सांगतो.

पैशाचं आधी. नवरात्रात आमची एक खोली रात्रीला दीड हजाराला जायची. दोन खोल्या, दहा रात्री, म्हणजे तीस हजार. आज दोन्ही खोल्यांचं मिळून महिन्याचं भाडं नऊ हजार येतं. दिवाळीची सुट्टी, ३१ जानेवारी आणि ९ नोव्हेंबरच्या आसपासचा किरणोत्सव (मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात तो), जोडून आलेल्या सुट्ट्या, मे महिना, एवढे दिवस खोली रिकामी राहत नाही. पावसाळ्यात मात्र फोन वाजत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, रस्ता कित्येक दिवस बंद राहिला आणि पंधरा ऑगस्टपर्यंतची सगळी बुकिंग गेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच गत झाली, तेव्हा आम्ही कुणाला ठेवत नव्हतो. तरीही परीट, चादरी-टॉवेल, वीज, ॲपचं कमिशन आणि झाडलोट करणाऱ्या मावशींचा पगार वजा जाता वहीत राहिलेली रक्कम भाड्याच्या साधारण दीडपट होती. तुमच्या घराचा हिशेब वेगळा येऊ शकतो, पण नुसता पैसा बघायचा तर पावण्यांचं पारडं जड आहे, हे मी मान्य करतो.

माझं मत फिरलं ते आंघोळीवरून.

कोल्हापूरला येणारा माणूस बहुतेक करून अंबाबाईला येतो, आणि रात्रभर प्रवास करून येतो. महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी साडेसातच्या सुमारास स्टेशनात लागते. ट्रॅव्हल्सच्या गाड्या तर पहाटे पाच-सहालाच तावडे हॉटेलच्या कमानीपाशी माणसं उतरवतात. खोली बारा वाजता मिळेल, असं आम्ही ठळक लिहिलेलं असायचं. लोक वाचायचेही. पण अंघोळ केल्याशिवाय देवीच्या दारात कोण जाणार? मग सहा वाजता बेल. "काका, खोली नको आत्ता. फक्त आंघोळीपुरतं."

वर आदल्या रात्रीचे पावणे अजून झोपलेले. म्हणजे खालची, आमची मोरी. गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी चौघा-पाचजणांत संपायचं. सूनबाई शाळेत शिकवते, तिला सव्वासातला बाहेर पडावं लागतं. नातवाची रिक्षा सात वाजता येते. दारात बॅगा, दांडीवर ओले टॉवेल आणि सोप्यात साडीच्या निऱ्या घालणाऱ्या अनोळखी बायका, अशात आमच्या पोराला डबा भरून द्यायचा. आठवड्यातून एकदा झालं असतं तर काही वाटलं नसतं. सीझनमध्ये हे रोज होतं.

एकदा मी ठाम नाही म्हटलं. मुलगा, सून आणि सत्तरीच्या आजीबाई होत्या. आजीबाई काही बोलल्या नाहीत. आमच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. डिसेंबरची सकाळ, चांगली थंडी होती. पाच मिनिटांत हिनं दार उघडलं, त्यांना आत घेतलं, चुलीवर पाणी ठेवलं, आणि सूनबाई त्या दिवशी शाळेला उशिरा पोचली. त्या माणसांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. दारात आलेल्या म्हाताऱ्या माणसाला आंघोळीला पाणी नाही म्हणणं आम्हाला जमत नव्हतं आणि हो म्हटलं की घरचं माणूस अडत होतं. याला नियम करून उपाय नव्हता.

बाकीचे त्रास सगळ्यांना माहीत आहेत. चार म्हणून सातजण येणं, रात्री अकराला पांढऱ्या रश्श्याचं पार्सल आणून चादरीवर सांडणं, चारचाकी गल्लीत लावून शेजाऱ्यांची बोलणी आम्हाला ऐकवणं. त्यांची सवय होते. परदेशी पावणा आला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारी फॉर्ममध्ये ऑनलाइन भरावी लागते, तेही एकदा शिकलं की सोपं आहे. आणि माणसं चांगली भेटतात, हे लपवून चालणार नाही. नागपूरचं एक कुटुंब अजून दिवाळीला फोन करतं.

आता भाडेकरू. सध्या वर एका खोलीत शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करणाऱ्या दोन मुली आहेत, दुसरीत बँकेत नोकरीला असलेली त्यांच्याच गावची तिसरी. भाडं पाच तारखेला म्हणून ठरलंय, येतं दहाला. भिंतीला विचारल्याशिवाय खिळे ठोकले. मोटर चालू ठेवून कॉलेजला गेल्या आणि टाकी वाहत राहिली, असं दोनदा झालं. त्यांच्या आधीच्या भाडेकरूने शेवटचं वीजबिल थकवलं, ते डिपॉझिटमधून कापताना वाद झाला. त्रास आहेच. पण तो दिवसा, ओळखीच्या माणसाशी बोलून मिटणारा त्रास आहे.

कागद मात्र पक्के करा. ओळखीतला आहे म्हणून साध्या कागदावर लिहून घेऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि तो करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते आधी धरलं जातं. खर्च फार नाही. एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि महापालिका हद्दीत नोंदणीचे १,००० रुपये. डिपॉझिट परत द्यायचं असेल तर त्यावरचं वर्षाला दहा टक्क्यांनी काढलेलं व्याजही मुद्रांक शुल्काच्या हिशेबात धरतात. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवायचीच.

तुमच्या वरच्या मजल्याला बाहेरून जिना असेल, घरात शाळा-ऑफिसची सकाळची धावपळ नसेल, तर पावणे ठेवायला माझी हरकत नाही. फक्त आधी खाली, बाहेरून दार उघडणारी एक वेगळी मोरी बांधा, गिझर लावा, आणि मगच ॲपवर फोटो टाका. आमच्या बोळात तेवढी जागा नव्हती. असती तर कदाचित मी आज वेगळं लिहिलं असतं.

एक गोष्ट मला आधी सुचलीच नव्हती. विद्यार्थ्यांचा करार जूनला सुरू होतो आणि एप्रिलअखेर संपतो. पावणे ठेवत होतो तेव्हा मे महिना भर सीझनचा, खोल्या आधीच लागलेल्या. मुलगी पोरांना घेऊन माहेरी यायची आणि आमच्याबरोबर खाली सोप्यात गाद्या घालून झोपायची, तिच्याच खोलीत परकी माणसं. आता मे महिन्यात दोन्ही खोल्या मोकळ्या असतात. यंदा ती सव्वीस दिवस राहिली.