लिफ्ट काढून पिकअप कंपनीच्या उंचीवर आणली: काही महिने वापरल्यानंतर

गाडी माझ्याकडे आली तेव्हाच उचललेली, म्हणजे लिफ्ट लावून मूळ उंचीपेक्षा वर नेलेली होती. पुढे स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीच्या) डोक्यावर ३० मिमीचे स्पेसर, म्हणजे ठोकळे, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि हाउसिंगच्या (मागच्या एक्सलच्या कवचाच्या) मध्ये दोन इंचाचे ब्लॉक, त्यावर लांब शॅकल (पाट्याचं टोक चासिसला जोडणारा दुवा) आणि २८५/७० आर १७ चे टायर. दिसायला दणकट, पण मी हौदा रोज वापरणारा माणूस. पोतं खांद्याच्या वर उचलून टाकायचं, मग चढून आत ओढायचं, आणि उतरवताना तेच उलट. त्यात ताशी ८० च्या पुढे गाडीच्या फ्लोअरमधून येणारी थरथर आणि पुढच्या एक्सलच्या जॉइंटवरचं फाटलेलं बूट, म्हणजे ग्रीस धरून ठेवणारं रबरी आवरण. बुटातून उडालेलं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला चिकटलेलं दिसलं, त्याच दिवशी ठरवलं की नुसतं बूट बदलायचं नाही, उंचीच काढायची. जॉइंट कायम तिरका राहणार असेल तर नवं बूटही घडीवर घासून फाटणारच.

आता उंचीचा हिशोब. पुढचा स्ट्रट लोअर आर्मच्या (चाक चासिसला जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) साधारण मध्यावर बसतो, त्यामुळे वरच्या स्पेसरच्या जाडीच्या जवळपास दुप्पट उंची चाकापाशी मिळते. म्हणजे ३० मिमीचा स्पेसर काढला की पुढून सुमारे ६० मिमी गेले. मागे ब्लॉक जेवढा तेवढीच उंची, आणि शॅकल मूळपेक्षा जेवढं लांब त्याच्या निम्मी. दोन्ही मिळून माझ्याकडे तीन इंच होते. टायर मूळ २६५/६५ आर १७ वर आणले. त्यांचा व्यास ८३१ वरून ७७६ मिमी झाला, म्हणजे हौदा आणखी २७ मिमी खाली. मागचा फाळका एकूण चार इंच उतरला. पोतं आता छातीला लावून सरळ आत ढकलता येतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी सगळा खर्च पुन्हा करेन.

पण काम होऊन गाडी हातात आली त्या आठवड्यात मी हे लिहिलं असतं, तर सूर फार वेगळा असता. पुढून गाडी दगडासारखी लागत होती. छोट्या खड्ड्याचाही दणका स्टीअरिंगपर्यंत यायचा आणि स्पीडब्रेकरवरून उतरताना कुंईकुंई आवाज. हबच्या, म्हणजे चाकाच्या, मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली तर पुढची उंची पुस्तकातल्या मापापेक्षा १२ मिमी जास्त निघाली. (माप नेहमी हबपासूनच घ्या. जमिनीपासून घेतलं की टायर आणि हवा मध्ये येतात.) लिफ्ट काढून दिलेल्या वर्कशॉपवाल्यांचं उत्तर ठरलेलं: "साहेब, स्प्रिंग नवी आहे, बसेल हळूहळू." स्प्रिंग नवी नव्हतीच. स्पेसरच्या लिफ्टमध्ये स्प्रिंग कंपनीचीच राहते, काढला जातो तो फक्त वरचा ठोकळा. कित्येक वर्षं भार सोसलेली स्प्रिंग आता आणखी कुठे बसणार? हे सांगितल्यावर शॉकअप बदला म्हणाले. तिथे मी थांबलो, पैसे काढले नाहीत.

दुसऱ्या एका जुन्या मेकॅनिकने गाडी रॅम्पवर चढवली आणि खाली जाऊन फक्त लोअर आर्मच्या बोल्टांकडे बघितलं. पहिला प्रश्न: "हे बोल्ट आवळले तेव्हा चाकं जमिनीवर होती की लोंबकळत होती?"

या एका प्रश्नासाठी हा सगळा लेख लिहितोय, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. आर्मचं बुश म्हणजे बाहेर एक नळी, आत एक नळी आणि दोन्हींना चिकटलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये गच्च धरली जाते. त्यानंतर आर्म वरखाली होतो तेव्हा तिथे काही फिरत नाही, रबर पिळलं जातं आणि परत येतं. मग बोल्ट ज्या स्थितीत आवळला, ती त्या रबराची विश्रांतीची जागा. गाडी उचलून टांगलेली, चाकं खाली लोंबकळतायत, आणि गड्याने इम्पॅक्ट गनने बोल्ट आवळून टाकले, तर गाडी जमिनीवर उतरली की रबर चोवीस तास पिळलेलं. ते आर्मला सतत खाली ढकलतं, म्हणून गाडी उंच राहते. चाकाला वर यायचं असेल तर आधी रबराशी झगडा, म्हणून दणका बसतो. आणि उभ्या गाडीतही ताणात असलेलं रबर लवकर फाटतं ते वेगळंच. पाट्याच्या पुढच्या डोळ्याचा बोल्ट आणि शॅकलचे बोल्ट यांनाही हाच नियम.

त्यांनी गाडी टांगली नाही. चार चाकांवर उभी ठेवून, रॅम्पखालून आधी आर्मच्या कॅम बोल्टांवर (फिरवून चाकाचा कोन बदलता येतो अशा बोल्टांवर) पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या. अलाइनमेंट याच बोल्टांच्या कॅमवर असते, ते हलले तर कॅम्बर आणि कॅस्टर हे चाकाच्या कलाचे दोन्ही कोन बिघडतात. मग लांब पाइप लावून नट सैल केला. सुरुवातीला काही झालं नाही. अजून पाव आटा गेला आणि "खट्" आवाज होऊन आतली नळी सरकली. दुसऱ्या बाजूला तेच. बोनेटवर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी चारपाच वेळा दाबली, सोडली, आणि टेप लावली तर १२ मिमी गायब. तिथेच खुणा जुळवून टॉर्क रेंचने आवळलं. मागे पाट्यांचे बोल्ट तसेच सैल करून पुन्हा आवळले. स्प्रिंगला, शॉकअपला कोणी हात लावला नाही, नवीन पार्ट एकही नाही, आणि गाडी बदलली. ज्या खड्ड्यावर मी दात आवळायचो तिथे आता हात सैल असतो. कुंईकुंई पुढून पूर्ण गेली.

उंची बदलली म्हणून अलाइनमेंट पुन्हा करावी लागली, आणि तिचे पैसे पहिल्या वर्कशॉपने द्यावेत असं माझं म्हणणं होतं. लांबलचक वाद झाला. "आम्ही सगळ्यांच्या गाड्या अशाच आवळतो," हे त्यांनी बचाव म्हणून सांगितलं! शेवटी अर्धे पैसे परत मिळाले. उरलेल्या अर्ध्याचा राग अजून आहे.

त्यांच्याशी आणखी एक भांडण काम चालू असतानाच झालं होतं. मागचे ब्लॉक काढल्यावर पाटे हाउसिंगला बांधणारे लांब यू-बोल्ट उरतात. नट आट्यांच्या शेवटाला जाऊन अडतो, पाटे घट्ट धरलेच जात नाहीत. त्यांना खाली जादा प्लेट टाकून तेच वापरायचे होते. मी आखूड नवे आणायला लावले. यू-बोल्ट एकदा ताणात आले की थोडे लांबतात, ते पुन्हा वापरायचे नसतात, आणि नवेही काहीशे किलोमीटरनंतर परत आवळायचे असतात. माझे आवळताना बऱ्यापैकी फिरले. लांब शॉकअपही मूळ लांबीच्या शॉकअपने बदलून घ्या. नाहीतर हौदा भरला की बंप स्टॉप (हाउसिंगला अडवणारा रबरी ठोकळा) लागायच्या आधीच शॉकअप आत तळाला आपटतो.

ब्रेकबद्दल मात्र नीट वाचा. ज्या पिकअपला मागच्या ब्रेकसाठी लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आहे, तिचा दांडा हाउसिंगला जोडलेला असतो आणि चासिस व हाउसिंगमधल्या अंतरावरून तो भार ओळखतो. गाडी उचलली की अंतर वाढतं, व्हॉल्व्हला हौदा रिकामा वाटतो आणि मागचा ब्रेक कमी लागतो. म्हणून लिफ्ट करताना तिथे एक जादा ब्रॅकेट लावतात. गाडी खाली आणल्यावर ते ब्रॅकेट तसंच राहिलं तर उलटं होतं: रिकामी गाडी भरलेली समजली जाते आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं लॉक होतात. माझं ब्रॅकेट राहिलेलं होतं. हेही दुसऱ्या मेकॅनिकनेच काढलं, न सांगता, आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

थरथर पहिल्याच दिवशी गेली होती, तिचं श्रेय ब्लॉक आणि शॅकल निघण्याला. पिनियनचा (शाफ्ट डिफरन्शियलला जिथे जोडतो त्या दांड्याचा) कोन मूळ जागी आला, शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, आता सरळ चालतात. वळणावर झोका कमी, बाजूच्या वाऱ्यात स्टीअरिंग धरून बसावं लागत नाही.

मायलेज वाढलं, पण दिसतो तो आकडा तसाच मानू नका. मोठ्या टायरवर मीटर ६० दाखवत असताना गाडी ६४ ने धावत होती, आणि किलोमीटरही तेवढेच कमी मोजले जात होते. म्हणजे आधीचं मायलेज कागदावर खऱ्यापेक्षा सात टक्के कमी दिसत होतं. मी ते सात टक्के वजा करून बघितलं, तरी शिल्लक राहिली. थोडी आहे, पण खरी आहे.

गमावलं काय? बंपर आणि पोटाखालची जागा कमी झाली, खडकाळ चढावर आता वाट निवडून जावं लागतं. मागच्या डिफरन्शियलखालची जागा मात्र फक्त टायरमुळे २७ मिमीने कमी झाली. ब्लॉक आणि शॅकलने ती मुळात वाढलेलीच नव्हती, हाउसिंग चाकांच्या मध्यावरच असतं. हेडलाइट पुन्हा सेट करून घ्या, माझा झोत फार जवळ पडत होता.

मागे डाव्या शॅकलचं बुश अजून किरकिरतं. पिळलेल्या अवस्थेत जे दिवस काढले त्यात त्याला चीर गेली आहे. नवं आणून ठेवलंय. बसवताना मी स्वतः रॅम्पपाशी उभा राहणार आहे, आणि गाडी चाकांवर टेकल्याशिवाय कोणालाही शेवटचा आटा आवळू देणार नाही.